गोव्यात मृत्युपत्र करताना: आधी हिशेब, मग वकील, मग स्पेशल नोटरी

मृत्युपत्राचे मराठी नमुने इंटरनेटवर ढिगाने मिळतात. ‘मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की…’ अशी सुरुवात, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आणि काम संपलं. पुण्यात किंवा कोल्हापुरात असा कागद चालतो. फोंड्यात किंवा डिचोलीत राहणाऱ्या गोंयकाराने तो उतरवून कपाटात ठेवला, तर त्याच्यामागे मुलांच्या हातात भांडणाचं एक कारण तेवढं उरतं.

गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० पासून लागू झाला. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने तो कायम ठेवला. त्यातला वारशाचा भाग आता ‘गोवा सक्सेशन, स्पेशल नोटरीज अँड इन्व्हेंटरी प्रोसीडिंग अॅक्ट, २०१२’ या कायद्यात आला आहे. नावात २०१२ असलं तरी तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना तो सारखाच. मृत्युपत्र करणाऱ्याला त्यातल्या दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. सगळी मालमत्ता मनाला येईल त्याला देता येत नाही. आणि जेवढी देता येते, तीसुद्धा कायद्याने सांगितलेल्या कचेरीतूनच द्यावी लागते.

म्हणून वकिलाकडे जाताना मनात ‘कोणाला काय द्यायचं’ हा प्रश्न घेऊन जाऊ नका. त्याच्या आधीचा प्रश्न आहे: माझं म्हणून आहे तरी किती?

कोणता कायदा तुम्हाला लागतो

पिढ्यान्‌पिढ्या गोव्यातलं कुटुंब असेल तर उत्तर सरळ आहे. नोकरीनिमित्त सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडून येऊन इथे घर केलेल्यांचं तसं नाही. त्यांचं कायदेशीर मूळ ठिकाण कोणतं, लग्न कुठे आणि कोणत्या कायद्याखाली नोंदलं, यावर बरंच अवलंबून असतं. ‘मी तीस वर्षं मडगावात आहे, म्हणजे गोव्याचाच कायदा’ किंवा ‘मी मूळचा मालवणचा, म्हणजे महाराष्ट्रातल्यासारखंच’ असं स्वतःच ठरवून टाकू नका. वकिलाला विचारायचा हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर लेखी घ्या.

उलट बाजूही आहे. गोंयकाराने मुंबईत किंवा पुण्यात फ्लॅट घेतला की तो गोव्याच्या कायद्यातून सुटला, असा समज बरीच वर्षं होता. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला. गोव्याचं अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो. तो खटलाच मुंबईतल्या एका मालमत्तेचा होता.

हिशेब: तुमचं नेमकं किती

लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते. कमावलेलीच सामायिक असं नाही. नवऱ्याला वडिलांकडून आलेलं भाट (बागायती जमीन), बायकोला माहेराहून आलेला हिस्सा, लग्नाआधीची ठेव, सगळं एका ढिगात जातं आणि त्या ढिगाचा निम्मा भाग प्रत्येकाचा. या अर्ध्याला वकील मंडळी ‘मोयटी’ म्हणतात. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी यात फरक पडत नाही. तुमच्या मृत्युपत्रात येतो तो तुमचा अर्धा. जोडीदाराच्या अर्ध्याला तुम्ही हात लावू शकत नाही.

मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. मुलं किंवा त्यांची मुलं असतील, तर तुमच्या हिश्शातला अर्धा भाग कायद्याने त्यांच्यासाठी राखलेला असतो. याला ‘लेजिटिम’ म्हणतात. मुलगे आणि मुली त्यात समान वाटेकरी, मग मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो. तुमच्या हयातीत एखादा मुलगा वारला असेल तर त्याच्या जागी त्याची मुलं येतात. उरलेला अर्धा, ज्याला ‘डिस्पोजेबल कोटा’ म्हणतात, तेवढाच तुमच्या मर्जीचा.

आकडे घालून बघू. नवरा-बायको, तीन मुलं. घर, कुळागर (सुपारी-नारळाची बाग), ठेवी मिळून सगळ्याची किंमत एक कोटी वीस लाख धरा. नवऱ्याचे साठ लाख. त्यातले तीस लाख लेजिटिम, म्हणजे प्रत्येक मुलाला दहा लाख. नवऱ्याला मोकळेपणी देता येतात ते बाकीचे तीस लाख. शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या धाकट्याला ते सगळे दिले, तरी बापाकडून त्याच्या वाट्याला येतात तीस अधिक दहा, म्हणजे चाळीस लाख. आईनेही स्वतःच्या मृत्युपत्रात तसंच केलं तर दोघांकडून मिळून ऐंशी लाख. उरलेल्या दोघांना वीस-वीस मिळणारच. ‘सगळं धाकट्याला’ असं लिहून हे आकडे बदलत नाहीत. राखीव भागावर आलेलं आक्रमण बाकीची मुलं कोर्टात कापून घेऊ शकतात.

विधवा आईची परिस्थिती याहून चमत्कारिक. नवरा गेला, घर वापरात तिच्याकडेच राहिलं, मुलांनी कधी काही मागितलं नाही. तिला वाटतं, सगळं माझंच. पण नवरा मृत्युपत्राशिवाय गेला असेल, तर त्याचा अर्धा त्याच दिवशी मुलांकडे गेलेला असतो. वाटणी झाली नाही एवढंच. वरच्या उदाहरणात तिचे साठ लाख आणि त्यातून मोकळे फक्त तीस. एक कोटी वीस लाखांची मालकीण समजणाऱ्या बाईला मृत्युपत्राने देता येतो चौथा भाग. हे तिला वकिलाच्या खोलीत पहिल्यांदा कळतं तेव्हा धक्का बसतो, म्हणून घरी आधीच हिशेब मांडा.

मूलबाळ नसलेल्या जोडप्यांनी तर हा लेख दोनदा वाचावा. मृत्युपत्र नसेल तर वारसांचा क्रम असा: आधी मुलं-नातवंडं, मग आई-वडील आणि त्यांच्या वरची पिढी, मग भावंडं आणि त्यांची मुलं, आणि त्यानंतर जोडीदार. नवऱ्याच्या पश्चात बायकोची मोयटी शाबूत राहते, पण त्याचा अर्धा सासू-सासऱ्यांकडे आणि ते नसतील तर दीर-नणंदांकडे जातो. ज्या घरात ती चाळीस वर्षं राहिली त्याच घरात पुतणे सहमालक होतात. भावंडांना आई-वडिलांसारखा राखीव हक्क नाही. म्हणजे आई-वडील हयात नसतील तर अपत्यहीन नवरा आपला सगळा हिस्सा बायकोला देऊ शकतो, फक्त त्याला मृत्युपत्र करावं लागतं. गोव्यात मृत्युपत्राची सर्वांत जास्त गरज कोणाला, असं विचाराल तर माझं बोट या जोडप्यांकडे आहे.

पळवाटा ज्या पळवाटा नाहीत

हिशेब कळला की लोक बक्षीसपत्राकडे वळतात. हयातीत एका मुलाला घर बक्षीस दिलं तर मृत्युपत्राची कटकटच नको. पण मुलाला दिलेली बक्षिसं लेजिटिम काढताना हिशेबात परत ओढली जातात. विक्री दाखवायची म्हटली, तर आई-बापाने एका मुलाला विकताना बाकीच्या मुलांची संमती लागते. मुलींकडून आई-बापांच्या हयातीतच हक्कसोड लिहून घ्यायची, ही महाराष्ट्रातून आलेली सवय इथे उपयोगाची नाही. जिवंत माणसाचा वारसा आधीच सोडता येत नाही. तो सोडायचा तर मृत्यूनंतर.

एखाद्या मुलाला पूर्ण वगळायचंच असेल तर कायद्याने सांगितलेली ठरावीक कारणं आहेत, म्हणजे आई-बापाविरुद्धचा गंभीर गुन्हा किंवा पोषण करायला नकार अशा स्वरूपाची. कारण मृत्युपत्रात स्पष्ट लिहावं लागतं आणि त्या मुलाने आव्हान दिलं तर बाकीच्या वारसांना ते सिद्ध करावं लागतं. ‘परजातीत लग्न केलं’, ‘चतुर्थीला घरी येत नाही’, ही कारणं त्यात बसत नाहीत.

बँकेतलं नॉमिनेशन हाही वारसा नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात ते वारसांसाठी. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. मृत्युपत्रात एक नाव आणि नॉमिनेशनमध्ये दुसरं असेल तर आजच बँकेत जाऊन फॉर्म बदला.

कागद गोळा करणं: खरा वेळ इथे जातो

वकिलाची फी ज्या कामासाठी असते त्यातलं निम्मं काम कागद शोधण्याचं असतं. ते तुम्ही स्वतः केलंत तर पैसे वाचतात, आणि मुख्य म्हणजे घोळ वेळेत दिसतो.

जमिनीसाठी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा म्हणा) आणि सर्व्हे प्लॅन घ्या, शहरातल्या जागेसाठी फॉर्म डी. पण उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी आहे असं धरू नका. मालकीचा मूळ कागद वेगळा असतो: विक्रीखत, बक्षीसपत्र, इन्व्हेंटरीचा (वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टातल्या प्रकरणाचा) निकाल, किंवा जुन्या जमीन नोंदणीतलं वर्णन व नोंद, म्हणजेच ‘डिस्क्रिप्शन-इन्स्क्रिप्शन’. हे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये असतात. ते वाचता येणारी मंडळी आता थोडी उरली आहेत, तेव्हा भाषांतर करून घ्यायचं असेल तर त्या कामाला आधी लागा. माट्रीजच्या (जुन्या मालमत्ता कराच्या वहीतल्या) नोंदी आणि पंचायतीची घरपट्टी जोडीला ठेवा. घरपट्टीची पावती मालकी दाखवत नाही, तरी जागा कोणती हे ओळखायला कामी येते.

अनेक घरांची खरी अडचण अशी की एक-चौदावर अजून आजोबांचं नाव आहे. आजोबा गेले, वडील गेले, इन्व्हेंटरी झाली नाही, सक्सेशन डीड (वारस कोण हे नोंदवणारा दस्त) झालं नाही. काकांची मुलं दुबईत, आत्याचं कुटुंब मुंबईत. अशा वेळी ‘मागच्या बाजूची जागा आणि आंब्याची दोन झाडं मी माझ्या मुलीला देतो’ असं लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नाही. त्या जमिनीतला तुमचा न वाटलेला हिस्सा तेवढा तुमचा, आणि तोच मृत्युपत्रात लिहायचा. तो किती हे कळण्यासाठी आजोबांपासूनची वंशावळ कागदावर मांडा: कोण कधी वारलं, कोणाचं लग्न कोणाशी, कोणाला किती मुलं. सुनांची आणि जावयांचीही नावं लिहा, कारण सामायिक मालकीमुळे त्यांचेही हक्क येतात. जमलं तर मृत्युपत्राच्या आधी जुनी वाटणी उरकून घ्या. त्याला वर्षं लागणार असतील तर मृत्युपत्र थांबवू नका. आधी हिस्सा लिहा, वाटणी झाली की नवं करा.

मुंडकाराचं (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्याचं) घर, कुळाची शेती, कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) भाडेपट्ट्याची जागा यांना आपापले वेगळे कायदे आहेत, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९६४ चा कूळ कायदा हे त्यातले मुख्य. यातलं काही मृत्युपत्रात घालण्याआधी वकिलाला ते वेगळं काढून विचारा. तुम्ही भाटकार असाल आणि भाटात मुंडकाराची घरं असतील तर तीही सांगा. देवळाचं महाजनपण (देवस्थानाचं सभासदत्व) मात्र मृत्युपत्रात लिहू नका. ते मालमत्ता नसतं, देवस्थानांसाठीच्या १९३३ च्या माझानिया नियमांनुसार आणि देवस्थानाच्या घटनेनुसार चालतं.

याशिवाय लग्नाचा दाखला (नोंदणी कुठली, तारीख कोणती), लग्नाआधीचा करार असेल तर तो, सगळ्यांचे जन्मदाखले, आधार, पॅन. नावांची स्पेलिंगं ताडून बघा. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत एक आडनाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं, हे गोव्यात घरोघरी आहे. सगळी नावं एकाच माणसाची असं मृत्युपत्रात नमूद करता येतं, फक्त वकिलाला ती माहीत हवीत. लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर तेही लपवू नका.

वकील निवडताना

मुंबईसारख्या सॉलिसिटरच्या फर्म इथे शोधत बसू नका. गोव्यात हे काम दिवाणी वकिली करणारी मंडळी करतात. एकच प्रश्न विचारा: तुम्ही इन्व्हेंटरीची प्रकरणं चालवता का? ज्याने माणसं गेल्यानंतरची भांडणं पाहिली आहेत, तोच मृत्युपत्रातली भगदाडं आधी ओळखतो. नुसती विक्रीखतं करणारा वकील कागद सुबक करून देईल, पण लेजिटिमच्या हिशेबात त्याचा हात बसलेला नसतो.

फायदा ज्याला होणार आहे त्या मुलाचा नेहमीचा वकील घेऊ नका. मुलगा तुम्हाला गाडीतून घेऊन जाईल, त्याने बाहेर बसावं, चहा प्यावा. आत फक्त तुम्ही आणि वकील. हे रीतभात म्हणून सांगत नाही. पुढे कोणी ‘बाबांवर दबाव होता’ असं म्हटलं तर त्या वेळी आत कोण बसलं होतं, हा पहिला प्रश्न येतो.

फी आधी ठरवा आणि त्यात काय येतं ते विचारा: सल्ला, मसुदा, रजिस्ट्रार कचेरीत सोबत येणं, दुरुस्त्या. मृत्युपत्राला स्टँप ड्युटी लागत नाही. मालमत्तेच्या किमतीची टक्केवारी कोणी मागितली तर उठून या.

पहिल्या बैठकीत ठरवायच्या गोष्टी

नवरा-बायकोची दोन वेगळी मृत्युपत्रं करा, एकाच कागदावर दोघांचं नको. एकमेकांशी जुळणारी असू द्या, दोन्ही एकाच दिवशी झाली तर उत्तम.

सामायिक मालमत्तेतलं एखादं ठरावीक घर किंवा शेत एकाच्या नावे लिहायचं असेल तर जोडीदाराच्या संमतीचा प्रश्न येतो, कारण त्या घराची प्रत्येक वीट निम्मी त्याची किंवा तिची असते. ही संमती कशी नोंदवायची ते वकील सांगेल. घर कोणाच्या वाट्याला जावं आणि त्याची किंमत त्याच्या हिश्शापेक्षा जास्त भरली तर त्याने बाकीच्यांना पैसे द्यावेत, हे जितकं स्पष्ट लिहाल तितकं चांगलं. लिहिलं नाही, तर इन्व्हेंटरीत वारसांमध्ये बोली लागते आणि घर ज्याच्या खिशात जोर त्याच्याकडे जातं. आखातातला मुलगा जिंकतो, घरात राहणारा हरतो.

जोडीदाराला हयातभर राहण्याचा आणि उत्पन्न घेण्याचा हक्क देता येतो, मालकी मुलांकडे ठेवून. हा मला फार शहाणा मार्ग वाटतो. पण हा बोजा तुमच्या मोकळ्या भागावरच टाका. लेजिटिमवर अटी घालता येत नाहीत, त्यामुळे ‘आई असेपर्यंत कोणी वाटणी मागू नये’ हे वाक्य राखीव भागापुरतं कोरडंच राहतं. तिच्या डोक्यावरचं छप्पर पक्कं व्हायचं तर तिची मोयटी आणि तुमचा मोकळा भाग मिळून घर कसं झाकता येईल हे वकिलाबरोबर बसून मांडा.

मुलीला काही द्यायचं आणि ते जावयाबरोबर सामायिक होऊ नये असं वाटत असेल, तर ‘हे तिचं एकटीचं’ अशी अट घालता येते. ही अट तुमच्या मोकळ्या भागातून द्याल तिथेच चालते; ती कशी लिहायची, हे वकिलाला विचाराच. मुलीचा संसार डळमळीत असेल तर या एका ओळीची किंमत पुढे कळते. बहुतेक बाप ही गोष्ट वकिलापुढे काढायला लाजतात. काढा.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस नेमा, शक्यतो तुमच्याहून लहान आणि गोव्यात राहणारा. आणि ज्याला द्यायचं तो तुमच्याआधी गेला तर ते कोणाकडे जावं, हेही लिहा.

परदेशात मालमत्ता असणाऱ्यांसाठी एक इशारा. तिथलं मृत्युपत्र तिथे वेगळं केलेलं असतं. इथल्या मसुद्यात सवयीने टाकलेलं ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य त्या परदेशी मृत्युपत्रालाही कापून टाकू शकतं. ‘भारतातील मालमत्तेपुरती’ एवढे शब्द त्यात हवेत.

मसुदा हातात आल्यावर

मसुदा बहुधा इंग्रजीत असतो. घरी आणा, आठवडाभर ठेवा, मराठीत कोणाकडून तरी समजून घ्या, पण त्यात ज्याचा फायदा आहे त्याच्याकडून नको. सर्व्हे नंबर, सबडिव्हिजन, गाव, तालुका, क्षेत्रफळ स्वतः उताऱ्याशी ताडा. ‘माझं म्हापशाचं घर’ हे तुम्हाला पुरेसं वाटतं, पण वीस वर्षांनी ते वाचणाऱ्याला नाही. ‘माझ्या सर्व मुलांना योग्य तो हिस्सा’ यासारखी वाक्यं दिसली तर खोडा. आणि ज्याची आठवण राहिली नाही त्या उरलेल्या मालमत्तेचं काय, याची एक ओळ शेवटी आहे ना ते बघा.

स्पेशल नोटरी म्हणजे कोण

कोर्टाबाहेर टेबल टाकून लाल शिक्का मारणारे नोटरी वेगळे. त्यांना १९५२ च्या कायद्याने अधिकार मिळतात, आणि प्रतिज्ञापत्रासाठी ते ठीक आहेत. मृत्युपत्रासाठी लागतो तो स्पेशल नोटरी, म्हणजे तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कम सब-रजिस्ट्रार कचेरीतला अधिकारी. ‘मी नोटरी केलंय’ असं निर्धास्तपणे सांगणाऱ्या कितीतरी लोकांनी पहिल्याकडे केलेलं असतं.

तिथे दोन मार्ग आहेत. खुलं मृत्युपत्र स्पेशल नोटरी स्वतःच्या पुस्तकात लिहून घेतो. बंद मृत्युपत्र तुम्ही लिहून आणता आणि तो ते मान्य करून सील करतो. माझं स्पष्ट मत, खुलंच करा. नावाला खुलं असलं तरी तुम्ही हयात असेपर्यंत ते शेजाऱ्याला काय, मुलालाही मिळत नाही. मूळ कचेरीच्या पुस्तकात राहतं, त्यामुळे हरवणं, वाळवी, कोणीतरी पळवणं हे प्रश्न नाहीत. बंद मृत्युपत्र आत चुकीचं असेल तर ते कळतं तुम्ही गेल्यावर, आणि तेव्हा दुरुस्त करणारा नसतो.

वकील आधी कचेरीत कागद दाखवून तारीख घेतो. त्या दिवशी दोन साक्षीदार लागतात. ते तुम्हाला ओळखणारे असावेत, आणि ज्यांना मृत्युपत्रात काही मिळणार आहे ते किंवा त्यांचे नवरा-बायको असू नयेत. जावई, सून नकोतच. शेजारचे निवृत्त मास्तर, बँकेतला जुना सहकारी, अशी माणसं बरी. सगळ्यांची ओळखपत्रं मूळ आणि प्रती घेऊन जा.

अधिकारी मृत्युपत्र वाचून दाखवतो. मराठी किंवा कोंकणीत समजावून सांगा म्हणायला संकोच करू नका, समजलं नाही तर थांबवा. तुमच्या, साक्षीदारांच्या आणि अधिकाऱ्याच्या सह्या झाल्या की प्रत मिळते. सही करता येत नसेल, दिसत किंवा ऐकू येत नसेल, तर आदल्या भेटीतच सांगा, कारण त्याची रीत वेगळी आहे.

वय झालं असेल, नुकतंच इस्पितळातून आला असाल किंवा विस्मरणाचं औषध चालू असेल, तर त्याच दिवसांत डॉक्टरांचा दाखला घ्या की समजून निर्णय घेण्याइतकी मनाची स्थिती आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अर्ज करून अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं. पण ही वेळ येऊ देऊ नका. शेवटच्या आठवड्यात केलेल्या मृत्युपत्रावरच सर्वाधिक खटले उभे राहतात.

बदलायचं असेल तर

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. पण तुमच्याकडची प्रत फाडून खुलं मृत्युपत्र रद्द होत नाही, मूळ पुस्तकात आहेच. पुन्हा स्पेशल नोटरीकडे जाऊन नवं करा किंवा रद्द केल्याचा दस्त करा. प्रतीवर पेनाने खाडाखोड केली तर तिला काडीचीही किंमत नाही. जोडीदाराचा मृत्यू, नातवाचा जन्म, घटस्फोट, मोठी खरेदी-विक्री, जुन्या जमिनीची वाटणी, यातलं काही झालं की कागद काढून वाचा.

मजकूर मुलांना सांगायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण कोणत्या तालुक्याच्या कचेरीत, कोणत्या तारखेला केलं, एवढं एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा.

मागे राहिलेल्यांनी काय करायचं

मृत्यूचा दाखला घेऊन त्या कचेरीत अर्ज केला की मृत्युपत्राची प्रमाणित प्रत मिळते. गोव्यात प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र शाबीत करून घेणं, करत बसावं लागत नाही. वारसांमध्ये एकमत असेल तर स्पेशल नोटरीकडे सक्सेशन डीड करून, मृत्युपत्राची प्रत जोडून, पुढे मामलेदार कचेरीत एक-चौदावर नावं चढवायला अर्ज करायचा. बँका आणि सोसायट्यांनाही हेच कागद चालतात. एकमत नसेल किंवा प्रत्यक्ष वाटणी हवी असेल तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी. तिथे बहुधा हयात जोडीदार कुटुंबप्रमुख म्हणून मालमत्तेची यादी देतो, मूल्यांकन होतं, लेजिटिमला धक्का लागला आहे का हे पाहिलं जातं, आणि शेवटी वाटणीचा तक्ता निघतो. तो निकाल हाच पुढचा मालकीचा कागद. त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती लगेच काढून ठेवा आणि नावं चढवायचा अर्ज त्याच महिन्यात करा, नाहीतर एक-चौदावर पुन्हा आजोबाच राहतात.